तीन वीसचा हादरा

भिलाई बघायला जा, असं कोणी कोणाला सुचवत नाही. मीही बघायला गेले नव्हते, भांडायला गेले होते. आता परत आले आहे आणि ज्यांनी ते गाव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यात धबधबे नाहीत, लेणी नाहीत. एक तडकलेली भिंत आहे, तीन बंद पडलेली घड्याळं आहेत आणि मी माझ्या हातानं लिहिलेलं एक पत्रक आहे. त्या पत्रकाची मला आज लाज वाटते.

आमच्या नागपूरच्या घरी बाबा कापड गिरणीच्या युनियनची पत्रकं काढायचे. ओली शाई सुकेपर्यंत ती पत्रकं जमिनीवर पसरलेली असायची आणि मी त्यांच्यामधून पाय टाकत टाकत वाचायला शिकले. त्यामुळे मोठ्या अक्षरांतलं खरं वाक्य भिंतही हलवू शकतं, असा माझा समज होता. सुमन मावशीचा फोन आला तेव्हा म्हणूनच मी लगेच हो म्हटलं.

"तू लिव्हत असते ना वो लोकायसाठी?" मावशी म्हणाली. "मंग आमच्यासाठी काऊन नाही लिव्हत?"

प्रकरण असं होतं. मावशी आणि मावसाजी राहतात ती निवृत्त कामगारांची तीसेक घरांची वस्ती. तिच्या मागे गिट्टीची, म्हणजे खडीची, खाजगी खदान आहे. एका मंगळवारी दुपारी मावशीच्या घराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. त्याच दुपारी दूर कुठेतरी भूकंप झाला होता आणि त्याचे सौम्य धक्के दुर्ग-भिलाईतही जाणवले होते. खदानवाले म्हणाले, भिंत भूकंपानं तडकली. वस्ती म्हणाली, तुमच्या सुरुंगानं. खदानीला आता वस्तीच्या अगदी पाठीशी सरकायचं होतं आणि त्याची सुनावणी गुरुवारी होती. भिंत सुरुंगानं तडकली हे सिद्ध झालं तर खदान आहे तिथेच थांबणार. नाही झालं, तर सुरुंग परसदारात येणार.

सोमवार, दुर्ग स्टेशन ते वस्ती

मावसाजी स्टेशनवर स्कूटर घेऊन उभे होते. गाडी वेळेवर आली होती, तरी ते अर्धा तास आधीपासून उभे होते.

"एवढ्या लवकर कशाला आलात?"

"लवकर कायचा? टायमावर आलो." त्यांनी माझी पिशवी पायाशी ठेवली. "गेट कोणासाठी थांबते का?"

गेट म्हणजे पोलाद कारखान्याचं गेट. त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली आहेत, पण ते गेट अजून त्यांच्या डोक्यात उघडतं आणि बंद होतं. मावसाजींचं नाव देवराव. मूळचे भंडाऱ्याकडचे, शेतकऱ्याचा मुलगा, सगळं आयुष्य रूळ बनवण्याच्या मिलमध्ये गेलं. घरी जाण्याआधी त्यांनी स्कूटर कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टर सहाकडे वळवली. जुनं क्वार्टर दाखवायचं होतं.

सेक्टर सहा स्वच्छ आहे, झाडं मोठी आहेत, सायकली अजून दिसतात. पण मला तिथे काय दिसलं ते सांगते. माणसाच्या ग्रेडप्रमाणे घर. या ग्रेडला दीड खोली, त्या ग्रेडला अडीच, वरच्याला बाग. आमच्या गल्लीत कोण कोणाच्या वर ते बोलण्यातून शोधावं लागतं. इथे ते विटांत बांधून ठेवलं आहे. मी हे बोलून दाखवलं, तर मावसाजी हसले.

"तुले राग येऊन राहिला. आमाले तवा दीड खोली भेटली तर मी पेढे वाटले होते."

क्वार्टरच्या खिडकीत दुसऱ्याच कोणाचे कपडे वाळत होते. मावसाजी फार वेळ थांबले नाहीत.

बोरसीचा भाग मागे टाकला की घरं विरळ होतात आणि रस्त्याच्या कडेचं गवत पांढरं दिसायला लागतं. ती गिट्टीची धूळ. वस्तीतली सगळी घरं एकाच मिलमधल्या लोकांची. निवृत्तीचा पैसा जिरवून बांधलेली, प्रत्येकाच्या दारात तुळस आणि एक प्लास्टिकची खुर्ची. मावशीनं दारातच माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि मग चहाही न देता मला मागच्या खोलीत नेलं.

तिथे ती तड होती. छतापासून सुरू होऊन ती खिडकीच्या कोपऱ्यावरून तिरकी उतरली होती. माझी दोन बोटं आत गेली आणि पलीकडून गरम हवा लागली.

"बोट काढ," मावशी म्हणाली. "विंचू राहते."

पुढच्या खोलीत टेबलावर, स्वच्छ टॉवेलवर, एक भिंतीवरचं घड्याळ ठेवलं होतं. काच फुटलेली, काटे थांबलेले. तीन वाजून वीस मिनिटं.

"त्या दिवशी खाली पडली घडी," मावसाजी म्हणाले. "तशीच ठेवली. हात नाही लावला. मिलमध्ये ॲक्सिडेंट झाला तर मशीनले हात लावाचा नाही, साहेब येईपर्यंत."

रात्री जेवायला भात, पातळ वरण आणि जिमीकंदाची, म्हणजे सुरणाची, आंबट भाजी. आमच्याकडे पोळी संपल्यावर भात येतो. इथे पोळी विचारून वाढतात. जेवता जेवता मावशीनं टीव्ही लावला. "आठ-दहाची माझी सिरियल हाय," ती म्हणाली. आठ-दहाला कुठली मालिका सुरू होते, असा विचार माझ्या मनात आला आणि भाताबरोबर खाली गेला.

मंगळवार, वस्ती आणि खदान

सकाळी बासी खाल्ली. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर कांदा, मीठ, हिरवी मिरची. भंडाऱ्याच्या माणसांनी ही छत्तीसगढी न्याहारी कधीच आपली केली आहे. मला पहिला घास बुळबुळीत लागला. तिसऱ्या वाटीनंतर उन्हात फिरताना तिचं मोल कळलं.

घरोघर गेले. आणखी दोन घरांतली घड्याळं त्या दुपारी पडली होती. एक शेजारच्या साहूजींचं, दुसरं कोपऱ्यावरच्या घरातलं. साहूजींनी त्यांचं कपाटातून काढून दाखवलं. तीन वीस. कोपऱ्यावरचं पाहिलं. तीन वाजून वीस. माणसं फोडता येतात, घाबरवता येतात. तीन बंद घड्याळांना कोण फोडणार?

"दीदी, पूरा मोहल्ला गली में था," साहूजी म्हणाले. "धमाका होइस तो सब बाहिर भागिन. भूकंप-ऊकंप कोनो ला पता नइ चलिस. दूसर दिन अखबार में पढ़ेन."

मग खदानीच्या फाटकावर गेले. तिथे मुनशी, हिशेब ठेवणारा कारकून, बसला होता. तो मला हाकलून देईल अशी तयारी करून गेले होते, तर त्यानं मुकाट्यानं सुरुंगांची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. त्या मंगळवारचं पान. वेळ : तीन वाजून दहा मिनिटं.

"हर मंगल, हर शुक्कर. तीन दस," तो म्हणाला. "पहले भोंगा, फिर धमाका. लिख लीजिए, मैडम."

मी लिहून घेतलं आणि खाली जाड रेघ मारली. खोटं सापडलं होतं. घड्याळं म्हणतात वीस, वही म्हणते दहा. सुरुंगाची आणि पडझडीची वेळ जुळू नये म्हणून नोंद मागाहून भरली आहे, हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

दुपारी त्याचा पुरावाही मला मिळाला. फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला होता, मी स्वयंपाकघरात मावशीपाशी कांदे चिरत बसले होते. गॅसच्या वर एक लहान घड्याळ आहे, तेलानं पिवळं पडलेलं. मावशीनं मान वर करून पाहिलं आणि उठली. फळीवरच्या लोणच्याच्या चार बरण्या तिनं एकेक करून उतरवल्या आणि जमिनीवर, पोत्यावर ठेवल्या.

"हे काय?"

"व्हाले आले तीन वीस."

खदानीकडून भोंगा ऐकू आला. मग जमिनीतून काहीतरी वर आलं. आधी तळपायात, मग दातांत. भांडी किणकिणली, तडीतून चुन्याची भुकटी सरकली. मी घड्याळाकडे पाहिलं. तीन वीस. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

मावशीनं बरण्या पुन्हा वर चढवल्या. मंगळवार-शुक्रवार ती हे करते, देवाला दिवा लावावा तितक्या सहज.

बुधवार, भूकंपाची नोंद होते ती जागा

बस लवकरची होती. निघताना फोनमध्ये सहा वीस झाले होते आणि गॅसवरचं घड्याळ साडेसहा दाखवत होतं. मी ते पाहिलं. जुनं घड्याळ, पुढे पळत असेल, असं मनात म्हटलं आणि चपला घातल्या. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. लपवता आलं असतं.

बसनं दोन तासांवरच्या एका गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, एक सरकारी नोंदकेंद्र आहे. दोन खोल्या आणि कुंपण. तिथल्या वर्मा मॅडमना आदल्या दिवशी फोन केला होता. पन्नाशीच्या, केस बांधलेल्या, कमी बोलणाऱ्या. कोणी मुद्दाम भेटायला येतं याचंच त्यांना नवल वाटलं असावं. मावसाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

यंत्र जमिनीत, काँक्रीटच्या खड्ड्यात होतं. ते काय करतं ते वर्मा मॅडमनी साध्या शब्दांत सांगितलं. एक वजन असं टांगलेलं असतं की जमीन हलली तरी ते जागच्या जागी राहू पाहतं. जमीन आणि वजन यांच्यात जो फरक पडतो, त्याची रेघ पडद्यावर उमटते. जमिनीची हालचाल मोजायची तर न हलणारं काहीतरी हवं, आणि पृथ्वीवर न हलणारं काहीच नाही. म्हणून ही युक्ती.

भूकंप होतो कसा, हे मी विचारलं. खाली खडकांचे मोठे तुकडे एकमेकांना रेटत असतात, त्या म्हणाल्या. आपला सगळा देश उत्तरेकडे रेटला जातो आहे, वर्षाला बोटा-दोन बोटांनी. जुन्या भेगांपाशी खडक अडकून बसतो, वाकतो, ताण साठवतो. एक दिवस सुटतो.

"रूळही असाच करते," मावसाजी मध्येच मराठीत बोलले आणि मग हिंदीत वळले. "मैडम, गरम रेल ठंडी होती है न, तो टेढ़ी होती है. बाहर से कुछ नहीं दिखता. पर अंदर जोर बैठा रहता है. कभी-कभी अपने आप टूटती है, तो तोप जैसी आवाज."

वर्मा मॅडम पहिल्यांदा हसल्या. "बस, यही है. आपने तीस साल भूकंप ही बनाए हैं."

त्या दिवसाची रेघ त्यांनी पडद्यावर काढली. सरळ ओळ, मग एक बारीक थरथर, थोड्या वेळानं मोठी, जाड थरथर. खडक सुटला की दोन लाटा निघतात. पहिली ढकलत येते आणि जोरात धावते. दुसरी आडवी हलवत येते, ती हळू. दोघी एकाच वेळी निघतात, म्हणून जितक्या दूर जातील तितकं त्यांच्यातलं अंतर वाढतं. त्यांच्यात एक सेकंदाचा फरक असेल तर भूकंप साधारण आठ किलोमीटरवर. त्यांनी पडद्यावरचे सेकंद मोजले, आठानं गुणले. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास.

"पण कोणत्या दिशेला?" मी विचारलं.

"एका केंद्रावरून मी फक्त वर्तुळ काढू शकते," अशा अर्थाचं त्या हिंदीत म्हणाल्या. दुसऱ्या केंद्राचं दुसरं वर्तुळ, तिसऱ्याचं तिसरं. तिन्ही जिथे एकमेकांना छेदतात, तिथे भूकंप. एक साक्षीदार पुरत नाही. हे मला फार आवडलं. माझ्याकडेही तीन होते.

मोठा की लहान हे रेघेच्या उंचीवरून आणि अंतरावरून ठरतं. त्या आकड्यातली एक पायरी वर म्हणजे रेघ दहापट उंच, आणि बाहेर पडलेली ताकद सुमारे तीसपट. हा भूकंप लहानच होता. आणि आकडा एक असला, तरी प्रत्येक गावी बसणारा हिसका वेगळा. खाली खडक की माती, घर कसं बांधलेलं, यावर ते ठरतं.

"भट्टी एकच," मावसाजी मला समजावत म्हणाले, "पण जवळच्याले चटका, दूरच्याले ऊब."

"म्हणजे एवढ्या दुरून, एवढ्या लहान भूकंपानं भिंत तडकणार नाही?"

"मुश्किल है," वर्मा मॅडम म्हणाल्या. "नामुमकिन मैं नहीं लिखूँगी." मग त्यांनी पडद्यावरची रेघ थोडी मागे सरकवली. "यह देखिए. उसी दिन, तीन दस पर. छोटा-सा निशान. हर मंगल-शुक्र आता है. खदान का लगता है. आपका यही है क्या?"

मी पाहिलं. रेघेवर एक ओरखडा, मुंगीएवढा.

"नाही," मी म्हणाले. "आमचं तीन वीसचं."

"भूकंप की लहर भी आपके यहाँ तीन बीस के आसपास ही पहुँची होगी. दोनों एक ही मिनट में?"

"योगायोग नेहमी पैसेवाल्यांच्याच सोयीचे का असतात, ते मला विचारू नका," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फार आवडलं होतं.

वर्मा मॅडमनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेवर बोट ठेवलं. "हमारे काम में पहली चीज़ घड़ी है. हर केंद्र की घड़ी सैटेलाइट से मिली रहती है. घड़ी गलत, तो सब गलत. आपने घड़ियाँ मिलाई थीं?"

त्या टाळत आहेत, सरकारी नोकरी सांभाळत आहेत, असं मला वाटलं. मी काही बोलायच्या आत मावसाजींनी छाती पुढे काढली.

"मैडम, हम प्लांट के आदमी हैं. हमारी घड़ी कभी पीछे नहीं चली. पूरी नौकरी में एक दिन लेट नहीं."

वर्मा मॅडमनी मान डोलावली. तीन दहाच्या ओरखड्याचा कागद हवा का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. फक्त भूकंपाचा घेतला.

संध्याकाळी हुडको कॉलनीतल्या झेरॉक्सच्या दुकानात पत्रक काढलं. हिंदीत, कारण साहेब हिंदीत वाचणार. मथळा मोठा : "घड़ी झूठ नहीं बोलती." खाली लिहिलं की तीन घरांतली तीन घड्याळं तीन वीसला बंद पडली. ही घड्याळं शिस्तीच्या कामगारांची आहेत, मिनिटाला मिनीट बरोबर. खदानीच्या वहीतली तीन दहाची नोंद धडधडीत खोटी आहे. दुकानदारानं दोनशे प्रती काढता काढता एक वाचली आणि म्हणाला, "मैडम, आग लगा दी आपने." मी खूश झाले.

गुरुवार, सुनावणी

सभागृहात पंखे होते, वारा नव्हता. पुढे अधिकारी. एका बाजूला आम्ही वीसेक माणसं, मावसाजींच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं घड्याळ. दुसऱ्या बाजूला खदानीनं आणलेला तज्ज्ञ, बारीक, शांत, गळ्यात टाय. त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

मी आधी बोलले. चांगली बोलले. तिन्ही घड्याळं टेबलावर मांडली गेली तेव्हा मागून टाळ्या पडल्या.

मग तज्ज्ञ उठला. त्यानं माझं पत्रक सावकाश, एक शब्द न गाळता वाचलं. "मिनिटाला मिनीट बरोबर" तर त्यानं दोनदा वाचलं. मग एक कागद काढला. वर्मा मॅडमच्या केंद्राचाच होता. तोच मुंगीएवढा ओरखडा.

तो म्हणाला, सुरुंग तीन दहाला उडाला. वहीत तसं आहे, यंत्रातही तसं आहे, दोन्ही जुळतात. म्हणजे वही खरी. तीन वीसला सुरुंग नव्हताच. तीन वीसला इथे भूकंपाची लाट आली, हेही यंत्रात आहे. आणि घड्याळं तीन वीसला पडली, असं स्वतः रहिवासी म्हणतात, छापून म्हणतात. भूकंप लहान आणि दूर होता हे मान्य, पण काळ्या मातीवर उभी असलेली, पाया उथळ असलेली घरं जास्त हलतात. "मैं तो बहनजी का आभारी हूँ," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "इतनी सटीक गवाही हम खुद नहीं ला सकते थे."

मी त्या ओरखड्याकडे बघत राहिले.

मावशी उठली. ती कधी अशा ठिकाणी बोललेली नव्हती. पदर सावरत ती मराठीतच सुरू झाली.

"अवो, पण आमच्या घडी दहा मिनिट समोरच राहतात ना! सगळ्यायच्या! शिफ्टसाठी! क्वार्टरात होतो तवापासून!" मग तिला आठवलं की साहेबाला मराठी येत नाही. "साहब, हमारी घड़ी दस मिनट आगे रहती है. सबकी. गेट छूट न जाए इसलिए."

मी मावसाजींकडे वळले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला विचारावंही लागलं नाही. कारखान्याच्या गावातलं प्रत्येक घर घड्याळ दहा मिनिटं पुढे लावतं. गेट चुकलं तर अर्धा दिवस जातो, म्हणून. निवृत्त झाले तरी कोणी ते मागे घेतलं नाही. दहा मिनिटं पुढे ही त्यांच्यासाठी चूक नव्हतीच, तीच वेळ होती. मालिका आठ-दहाला लागते. सुरुंग तीन वीसला उडतो. घड्याळं खरोखर तीन दहाला, सुरुंगानंच पडली होती. वही खरी, यंत्र खरं, घड्याळंही खरी. खोटं एकच होतं, ते माझ्या पत्रकातलं वाक्य.

अधिकारी मावशीकडे पाहून हसले. वाईट हसले नाहीत, तेच जास्त लागलं.

"माताजी, यह आज ही याद आया? कागज़ पर तो लिखा है, मिनट-मिनट सही."

खदानीच्या बाजूला हशा झाला. आपलंही घड्याळ पुढेच आहे, असं साहूजी ओरडले, "सच कहत हे दाई! मोर घड़ी घलो आगू हे!" पण आता प्रत्येक खरं वाक्य खोट्यासारखं ऐकू येत होतं. मी उभी राहिले, म्हणाले की चूक माझी आहे, मी तपासलं नाही. अधिकाऱ्यांनी हात वर केला.

"आप ही ने लिखा, आप ही काट रही हैं. हम किसको मानें?"

त्यांनी समोर लिहून घेतलं : भिंतीची तड नैसर्गिक भूकंपामुळे. खदान पुढे सरकवण्यास हरकत नाही.

बाहेर पायऱ्यांवर माझी पत्रकं पडली होती. लोक त्यांच्यावर बसून भजी खात होते. मावसाजींनी घड्याळ पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "तुले कायले दोष देऊ? मॅडमनं मलेच इचारलं होतं. मीच छाती फुगवली."

शुक्रवार

माझी गाडी संध्याकाळची होती. सकाळी मावसाजींनी मोठ्या घड्याळात नवा सेल घातला. काच नव्हती, तरी ते चालू झालं. मग त्यांनी माझा फोन मागितला.

"सरकारी टाइम सांग."

मी सांगितला. त्यांनी मोठं घड्याळ लावलं, खिळ्यावर टांगलं. मग स्टुलावर चढून गॅसवरचं पिवळं घड्याळही काढलं आणि काटा दहा मिनिटं मागे नेला. लग्नापासून पहिल्यांदा. मावशी पोहे परतत होती. तिनं काय पाहिलं आणि काय नाही, मला माहीत नाही.

दुपारी मी पिशवी भरत होते. मावशी मला बांधून द्यायला ठेठरी तळत होती. जाड बेसनाची वळी, आमच्या शेवेची धाकटी बहीण. तिचं लक्ष कढईत होतं. एकदा मान वर करून तिनं घड्याळ पाहिलं आणि पुन्हा झारा हातात घेतला. तिच्या हिशोबानं तीन वीसला अजून दहा मिनिटं होती. भोंगा वाजलाही असेल. तेलाच्या आवाजात मला ऐकू आला नाही, तिलाही नाही.

जमीन खालून उचलल्यासारखी झाली. मंगळवारपेक्षा जोरात. फळी तिरकी झाली आणि चारही बरण्या एकामागून एक आल्या. पहिली फुटली तेव्हा मावशीनं दुसरी धरायला हात पुढे केला आणि मी तिला मागे ओढलं. गॅस बंद केला. यंदाचं सगळं लोणचं काचांमध्ये पसरलं. मोहरीचा वास नाकात गेला. मागच्या खोलीत काहीतरी सरसर खाली आलं.

मावसाजी दारात येऊन उभे राहिले.

मावशी पोत्यावर बसली. फोडी उचलायला लागली, मग थांबली. त्यात काचा होत्या. तिच्या बोटांना लाल तेल लागलं होतं.

"वाजले किती वो?" तिनं मला विचारलं.

मी फोन पाहिला. मग गॅसवरचं घड्याळ पाहिलं.

"तीन दहा."

"दोन्हीत?"

"दोन्हीत."

"आता बराबर हाय घडी," मावशी म्हणाली आणि काचा गोळा करायला लागली.